इथं बुवा चहा पितो

“आधी ते बोट थांबवा.”

“काय म्हणालात?”

“बोट हो, बोट. गुडघ्यावर वाजवताय ते. कुठं शिकलात?”

बाकावरच्या माणसानं निम्मं कानानं ऐकलं, निम्मं ताईंच्या ओठांवरून उचललं, आणि मग आपल्याच बोटाकडं बघितलं. परक्याचं ढोर आपल्या दावणीला बांधलेलं दिसावं, तसं बघितलं.

“ते होय? सवय आहे. कारखान्यातली.”

“परत वाजवा बघू. पहिल्यापासून.”

त्यानं वाजवलं. एक. जरा दम खाऊन दुसरं, त्याला चिकटून तिसरं. मग एवढं अंतर, की माणसानं मोजायचं सोडून द्यावं. मग पुन्हा एक. ताई हातातला अर्धवट घासलेला साचा धरून उभ्या होत्या आणि पुढचा ठोका पडायच्या आधीच त्यांना तो ठाऊक होता. एका जागी त्या माणसानं बोट उचललं आणि अधांतरी धरून ठेवलं. बराच वेळ.

“इथं थांबायचं,” नवख्याला समजावून सांगावं तसा तो म्हणाला. “इथं बुवा चहा पितो.”

ताईंच्या हातातला साचा निसटला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. त्यांनी तो काढायचा प्रयत्नही केला नाही. बुवा तिथं खरोखरच चहा पीत होता, आणि ताईंच्या समजुतीनं ते या जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक मरून गेला होता.

ताई कानाचे साचे करायच्या. कानात घालायचं मशीन कंपनी बनवते, पण ते ज्याच्या त्याच्या कानात नीट बसायला मधे साचा लागतो. दोन माणसांचं सोडा, एकाच माणसाचे दोन कान कधी सारखे नसतात. कानात मऊ लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत माणसाला गप्प बसवायचं, अलगद उपसायचा, त्याच्यावरून साचा ओतायचा, घासायचा, चकचकीत करायचा. बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. पुढं बाक, मधे कामाचं टेबल, आणि मागं काचेची खिडकी असलेली एक खोली, भिंतींना आतून जाड स्पंज. त्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक ‘टीं’ ऐकवायची. ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. किती बारीक टींपर्यंत बोट उठतं, त्यावरून कान किती गेला ते कळतं.

कान तपासायचं खरं यंत्र ताईंच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणून धाकट्यानं, म्हणजे त्यांच्या पाठच्या भावानं, साध्या कॉम्प्युटरवर चालेल असा प्रोग्राम लिहून दिला. धाकटा रंगाच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. हे काम सुट्टीच्या दिवशीचं, ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलेलं. टीं किती बारीक, किती मोठी, ते सगळं जमलं, पण एका ठिकाणी घोडं अडलं. दोन टींमधलं अंतर सारखं ठेवलं, तर माणूस न ऐकताच अंदाजानं बोट वर करतो. “आत्तापुरतं मी वाजवतो,” धाकटा म्हणाला, आणि मनाला येईल तशी कळ दाबत बसला. समोर ताई हेडफोन लावून बोट वर करत होत्या. मधेच चहा आला. धाकट्यानं कप उचलला, दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, कप ठेवला आणि पुन्हा कळ दाबायला लागला. तेवढं अंतर प्रोग्रामात जसंच्या तसं राहिलं.

आणि आत्तापुरतं ते कायमचं झालं.

प्रोग्राम त्यानं उघडा ठेवला होता. कुणीही घ्या, वापरा, आत हात घालून दुरुस्त करा, पैसा नको. एकानं घेतला, त्याचं बघून दुसऱ्यानं. शाळांनी घेतला, लहान दवाखान्यांनी घेतला, कारखान्यांच्या तपासणीच्या खोल्यांनी घेतला. ज्यांची भाषासुद्धा धाकट्याला येत नव्हती, अशांनी घेतला. एका कंपनीनं तर तो आपल्या डब्यात घालून विकला. घेणारं गाव, आणि आत हात घालणारा एकटा धाकटा. रस्त्याकडेच्या हातपंपाचं असंच असतं. येणारा जाणारा दांडा मारतो, ओंजळ भरतो, चार थेंब तोंडावर मारून पुढं जातो. आतलं वायसर झिजलंय हे सगळ्यांना ऐकू येतं, पण ते बदलायचं काम आपलं, असं कुणालाच वाटत नाही.

धाकट्याकडं तक्रारी मात्र रोज यायच्या. हे चालत नाही, ते कधी होणार, नव्या कॉम्प्युटरवर अडतंय. एकानं तर सेवेबद्दल नाराजी कळवली होती. धाकटा हसायचा. “ताई, जावयासारखे रुसतात गं. आणि मी यांना मुलगी दिलेलीच नाही.” नोकरी दिवसाची, तक्रारी बाकीच्या वेळच्या, आणि पुढचा रविवार कायम पुढचाच. एके दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यानं टेबलावर डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली.

दुकानदार मेला तर दुकानाचं शटर खाली येतं, गिऱ्हाईकाला कळतं. इथं तसं काही झालं नाही. जागोजागच्या खोल्यांत प्रोग्राम सकाळी सुरू होत होता, टीं वाजत होती, लोक बोटं वर करत होते. घरधनी गेलेल्या घरात दिवा आपोआप लागत राहावा, तसं चाललं होतं. तक्रारीही येत राहिल्या, त्याच्याच नावानं.

आणि ताई दुपारी दार लोटून घ्यायच्या, काचेच्या खोलीत जाऊन बसायच्या, हेडफोन लावायच्या. रडायला नव्हे, तसला स्वभावच नव्हता. जेवणाआधी हात धुवावेत तसं ते होतं. टीं वाजायची, त्या बोट वर करायच्या. कळीवर त्याचं बोट, इकडं यांचं. मधे तो चहा प्यायचा. त्या वाट बघायच्या. तो परत यायचा.

तेच बोट आता एका परक्याच्या गुडघ्यावर चाललं होतं.

हा माणूस पत्रा कापायच्या प्रेसवर होता. कारखान्यात दर वर्षी कान तपासतात. कान गेलेला दिसला की माणसाला मशीनवरून काढतात आणि गेटवर बसवतात, गेटवर जागा नसेल तर घरी. आणि प्रेसच्या आवाजात कान राहतो कुणाचा? पण टींचा ठेका वर्षानुवर्षं तोच, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. मग जुन्यांनी नव्यांना शिकवायला सुरुवात केली, कँटीनमध्ये, टेबलावर बोटं वाजवून. काचेतून डॉक्टर कळ दाबताना दिसतो, तिथून धरायचं. अगदी बारीक टींना मुद्दाम बोट वर करायचं नाही, नाहीतर संशय येतो. ठेका वाजवणाऱ्याला त्यांनी नावही देऊन टाकलं होतं, आणि मधे तो थांबतो तेव्हा चहा पीत असणार, असंही ठरवून टाकलं होतं. बुवा.

“बुवा आपल्या बाजूचा आहे, असंच वाटायचं आम्हाला,” प्रेसवाला म्हणाला.

त्यानं आपल्या जोडीदाराला, शेजारच्या मशीनवरच्याला, हा ठेका शिकवला होता. जोडीदाराला लवकर जमेना. चहाच्या जागी तो घाई करायचा, म्हणून यानं त्याचं बोट हातात धरून शिकवलं. जोडीदार पास झाला. मग परवा कारखान्याच्या आवारात मालाचा ट्रक मागं येत होता, हॉर्न देत होता, आणि जोडीदार ट्रककडं पाठ करून शांतपणे विडी पेटवत होता. जीव वाचला. पाय गेला.

“मी ओरडलो की, ताई. पण माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही, तर त्याला काय येणार?” तो बाकाच्या कडेवर पुढं सरकला. “मला खरं सांगा. माझा कान किती गेलाय?”

ताईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन लावला, कळ दाबली. बोट उठलं. त्यानं दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं, तर अंगठा उठायला लागला. पडद्यावर कान ठणठणीत दिसत होता. ताईंनी गुपचूप हेडफोनची वायर उपसून टाकली. आता त्या खोलीत काहीच वाजत नव्हतं. बोट तरी उठतच राहिलं. एक. दोन, तीन. चहाच्या जागी थांबलं. पुन्हा उठलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याची मान घामानं भिजली होती. “मला ऐकू येतंय का नाही, तेच मला कळेना झालंय,” तो म्हणाला. “टीं येते. पण ती कानात येते का डोक्यात?”

ताईंनी त्याला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून दुपारी काचेच्या खोलीत जायचं बंद केलं.

पहिल्यांदा ताई कारखान्याच्या डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि सगळे पास होतात म्हणून आपण खूशच होतो, असं मोकळेपणानं सांगितलं. दुरुस्तीला कारखान्यानं काही हातभार लावावा, असं ताईंनी सुचवल्यावर त्यानं आपली अडचण सांगितली. फिनेलचं बिल येतं, झाडूचं बिल येतं, ती पास होतात. जी वस्तू फुकट आली तिचं बिल नाही, आणि बिलाशिवाय पैसा निघत नाही. “तुमचे भाऊ बिल देत असते, तर आम्ही पैसे आनंदानं दिले असते,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं, त्यात लबाडी नव्हती. म्हणून तर ताईंना त्याच्यावर रागावतासुद्धा येईना.

मग त्यांनी जाड्याला बोलावलं. जाड्या म्हणजे धाकट्याचा रंगाच्या कंपनीतला दोस्त, शेजारच्या टेबलावरचा. तो सुट्टीच्या दिवशी धापा टाकत आला, बाकावर बसला तेव्हा बाक कुरकुरला. मूळ प्रोग्राम बदलून सगळ्यांसाठी ठेवायचा, तर तो धाकट्याच्या लॅपटॉपवरूनच ठेवावा लागणार होता. लॅपटॉप भावजयीकडं होता. म्हणून दोघं तिच्या घरी गेले.

भावजय लाँड्रीत इस्त्रीला होती. घरीही तिचे हात स्वस्थ नव्हते, उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत बसली होती. तिनं ऐकून घेतलं, लॅपटॉप कपाटातून काढून समोर ठेवला आणि वर म्हणाली, “न्या वन्सं. त्या बोटानं जगभर कळा दाबल्या. माझ्या मोरीच्या दाराची कडी मात्र शेवटपर्यंत लावली नाही.”

“कडी मी लावतो,” जाड्या म्हणाला.

“तुम्ही आधी खुर्ची सांभाळा.”

जाड्यानं लॅपटॉप उघडला. बराच वेळ वरखाली करत राहिला आणि एका जागी थांबला. धाकट्यानं प्रोग्रामात स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: इथं माझं बोट आहे, पुढच्या रविवारी काढायचं. खाली परक्या माणसांनी वेळोवेळी विचारलेलं होतं, हा ठेका दर वेळी तोच आहे का, हा बदलायला नको का. कुणी होकार दिला होता, कुणी आपल्यालाही तेच वाटतं म्हणून कळवलं होतं. हात कुणीच लावला नव्हता.

जाड्या स्क्रीनकडंच बघत बोलला. “मी हे वाचलं होतं, ताई. तो असतानाच. वाटलं, कुणीतरी करेल.”

“किती काम आहे?”

“चहा निवायच्या आत होईल.”

भावजयीच्या हातातली घडी मोडली, ती तिनं पुन्हा घातली. एवढ्याशा कामासाठी एका माणसाचा पाय ट्रकखाली गेला होता.

जाड्या कळ दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, “थांबा. मला एकदा ऐकू द्या. मी कधी ऐकलंच नाही ते.”

जाड्यानं तिला हेडफोन दिला. ती अभ्रे मांडीवर घेऊन बसली होती. डोळे मिटलेले नव्हते, समोरच्या भिंतीकडं बघत होती. टीं कधी वाजते ते ताईंना बाहेरून ऐकू येत नव्हतं, पण कुठं काय चाललंय ते पाठ होतं. चहाची जागा आली. भावजयीच्या कपाळाला आठी पडली.

“इथं बंद पडलं का?”

“चहा पितोय तो.”

तिनं हेडफोनवर हात दाबून धरला. “तो चहा मीच आणून दिला होता,” ती म्हणाली. “तुमच्याच स्वयंपाकघरात. साखर घालायची राहिली होती. त्यानं तोंड वाकडं केलं, पण बोलला नाही.” मग टीं पुन्हा सुरू झाली असावी, कारण ती दचकली. तिनं हेडफोन उतरवून जाड्याच्या पुढ्यात ठेवला.

“काढा आता,” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाला किती दिवस कामाला जुंपायचं?”

जाड्यानं काढलं. आता अंतर दर वेळी कॉम्प्युटर ठरवणार होता, दर वेळी वेगळं. नवा प्रोग्राम सगळ्यांसाठी ठेवून झाला, तेव्हा चहा अजून कोमट होता. ताईंनी विचारलं, म्हणजे आता सगळीकडं बदललं ना? जाड्यानं मान हलवली. तसं नसतं. ज्यानं त्यानं नवीन उतरवून घ्यायला लागतं. आणि बहुतेक ठिकाणी ज्या माणसानं तो प्रोग्राम बसवला, तो कधीच सोडून गेला असेल. कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू आहे, टीं वाजते आहे. चालतंय म्हटल्यावर कोण हात लावतो?

मग दुपारी हेडफोन लावायच्या वेळेला ताई फोन लावायला लागल्या. ओळखीचे दवाखाने, शाळा, जेवढे नंबर होते तेवढे. कुणी उचलला, कुणी लिहून घेतो म्हणालं. एका दवाखान्यातल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “नवीनचे पैसे पडतात का?” ताई नाही म्हणाल्या. “मग जुनं काय वाईट आहे?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. बाकीच्या खोल्यांचे तर नंबरच नव्हते. कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी काचेमागं, कुणी तरी आत्ताही कळ दाबत असेल आणि धाकटा चहाचा कप उचलत असेल. हे मनात आलं की ताईंचा हात फोनवरच थांबायचा.

ठरल्याप्रमाणे प्रेसवाला आला. ताईंनी त्याला आत बसवलं, हेडफोन लावला आणि नवा प्रोग्राम सुरू केला.

कळ दाबलेली त्यानं काचेतून बघितली आणि बोट उठलं. एक. दम खाऊन दोन, त्याला चिकटून तीन. त्या वेळी टीं वाजतच नव्हती. ज्या वेळी वाजत होती, त्या वेळी बोट खाली होतं. काचेच्या अलीकडून ताई बघत राहिल्या. टीं एका वाटेनं चालली होती आणि मेलेल्या माणसाचं बोट आपल्या जुन्या वाटेनं. चहाची जागा आली. बोट अधांतरी थांबलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये दोन टीं येऊन गेल्या, त्याला पत्ता लागला नाही. मग बोट परत खाली यायच्या ऐवजी तसंच वर राहिलं आणि गुडघ्यावर येऊन पडलं. ठेका तुटला होता. तो समोरच्या स्पंजकडं वाट चुकल्यासारखा बघत बसला.

ताईंनी आवाज मोठा केला. आणखी मोठा केला. बऱ्याच वेळानं बोट उठलं, हळू, चाचरत, आपलं बरोबर आहे का चूक अशा बेतानं. या वेळी त्यानं ऐकलं होतं.

निकालाचा कागद ताईंनी त्याच्या हातात दिला. दोन्ही कान बरेच गेले होते. लपवून ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यानं तो उलटसुलट करून बघितला आणि खिशात घातला.

“उद्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. गेटवर बसवतील.”

“बसवतील.”

“बसवू देत. मीही लपवायचं सोडलं, एवढं जोडीदाराला सांगता तरी येईल.” मग त्यानं विचारलं, “आमच्या कारखान्यात नवीन बसवलं का हे?”

“डॉक्टर बघतो म्हणालेत.”

“म्हणजे बुवा आहे अजून तिथं.”

ताईंनी त्याला खुर्चीत नीट बसवलं, मान एका अंगाला करायला सांगितली, लगदा मळला आणि आधी एका कानात, मग दुसऱ्या कानात भरला. जबडा हलवायचा नाही, बोलायचं नाही, असं खुणेनंच सांगितलं. आता त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो डोळे मिटून बसला. गुडघ्यावरचं बोट गप्प होतं.

पुढं बाकावर दोघं-तिघं आपल्या पाळीची वाट बघत होते. लगदा घट्ट व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच, त्यात घाई करून चालत नाही. ताई अवजारांच्या ट्रेच्या कडेवर हात ठेवून उभ्या होत्या. ट्रेवर एक बारीक ठोका पडला. जरा दम खाऊन दुसरा, त्याला चिकटून तिसरा. ताईंनी हाताकडं बघितलं आणि मूठ मिटली.

मग त्यांनी नखानं लगदा दाबून बघितला. घट्ट झाला होता. अलगद फिरवून त्यांनी आधी एका, मग दुसऱ्या कानातला उपसला, उजेडात धरला. कुठं बुडबुडा राहिला नव्हता, आतला बोगदा सबंध निघाला होता. पात्यानं कडेचा जादा भाग तासता तासता त्यांनी बाकाकडं न बघताच हाक दिली.

“पुढचे कोण आहेत? या.”